ठिपक्यांचे जाळे

द्वितीय वर्ष कला

जपानमधली एक बाई ऐंशीहून अधिक वर्षे ठिपके काढत आली आहे. कागदावर काढले, कॅनव्हासवर काढले, भिंतींवर, खुर्च्यांवर, एका घोड्यावर, माणसांच्या उघड्या अंगांवर आणि असंख्य भोपळ्यांवर काढले. यायोई कुसामा हे तिचे नाव. आमच्या सरांनी वर्गात पडद्यावर तिची चित्रे दाखवली तेव्हा तिसऱ्या-चौथ्या चित्रानंतर मागच्या बाकावरून आवाज आला, "येडी हाय काय ही?" वर्ग हसला. सरही थोडे हसले आणि पुढे गेले.

मला मात्र तो प्रश्न पुढे जाऊ देईना. प्रश्न टवाळीचा होता, पण चुकीचा होता असे नाही. कारण कुसामाने स्वतः त्याचे उत्तर आयुष्यभर दिले आहे. आपल्याला लहानपणापासून भास होतात, आपले मन आजारी आहे, हे तिने कधी लपवले नाही. १९७७ सालापासून ती टोकियोतल्या एका मनोरुग्णालयात राहते आहे आणि तिथे ती आपणहून दाखल झाली. तेव्हा "येडी आहे काय" याचे उत्तर तिच्या शब्दांत जवळजवळ "हो" असेच आहे. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. येड्या माणसांना आपण पाहिलेले आहे. ती सगळी ठिपके काढत बसत नाहीत. मग हिने ते का काढले, आणि काढल्याने हिचे काय झाले?

कुसामाचा जन्म २२ मार्च १९२९ चा, मात्सुमोतो गावचा. चारी बाजूंनी डोंगर असलेले हे गाव. घरचा धंदा रोपवाटिकेचा आणि बियाण्यांचा, म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर. पण घरात सुख नव्हते. बाप बाहेरख्याली, आई संतापी. आई या पोरीलाच बापाच्या मागावर पाठवी आणि तिने पाहिलेले सांगितले की राग पुन्हा तिच्यावरच काढी. चित्रे काढलेली आईला खपत नसत. कागद फाडले जात, शाई-रंग काढून घेतले जात. एकदा जेवणाच्या टेबलावरच्या कापडावरची लाल फुले पाहता पाहता तिने मान वर केली, तर तीच फुले छतावर, खिडकीवर, भिंतीवर आणि शेवटी तिच्या स्वतःच्या हातावर आलेली! आपण या फुलांत विरघळून नाहीसे होणार अशी भीती तिला वाटली आणि ती पळत सुटली. हा प्रसंग तिने पुढे अनेकदा सांगितला आहे.

१९३९ साली, म्हणजे दहा वर्षांची असताना, तिने पेन्सिलीने काढलेले एक चित्र आजही उपलब्ध आहे. किमोनो घातलेली, डोळे मिटलेली एक स्त्री. तिची आईच ती, असे म्हणतात. तिच्या चेहऱ्यावर, मानेवर, कपड्यावर आणि मागच्या रिकाम्या जागेतही ठिपकेच ठिपके. ते पाहून मला आमच्या आजीने सांगितलेली देवीची साथ आठवली. तोंडभर फोड, आणि ज्याला झाले त्याच्यापासून दुसऱ्याला होणार ही भीती. दहा वर्षांच्या पोरीने आईचे तोंड असे का भरून टाकले असेल हे मी सांगू शकत नाही. पण ते चित्र गमतीने काढलेले नाही, एवढे कुणालाही कळेल.

आपल्याकडे ठिपका म्हटले की आधी रांगोळी आठवते. आमच्या दारात दिवाळीत पंधरा ते आठ, एकवीस ते अकरा अशी ठिपक्यांची रांगोळी घालतात. तिथे ठिपके मोजून मांडायचे आणि मग रेघांनी जोडायचे. कमळ तयार झाले की ठिपक्याचे काम संपले, तो रेघेखाली दिसेनासा होतो. सय्यद हैदर रझा यांचा बिंदू याहून वेगळा. मध्यप्रदेशातल्या शाळेत चंचल मुलाचे चित्त ठरावे म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बस म्हणून सांगितले, ही त्यांच्या लहानपणची गोष्ट प्रसिद्ध आहे. हाच मुलगा पुढे मुंबईच्या जे. जे. त शिकला, १९४७ साली प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या गटात सामील झाला, पॅरिसला गेला, आणि १९८० च्या सुमारास तो भिंतीवरचा ठिपका मोठा काळा बिंदू होऊन त्यांच्या चित्रात येऊन बसला. मग तो २०१६ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत हलला नाही. रझांचा ठिपका एकच असतो, आणि त्याच्याकडे पाहून मन शांत व्हावे अशी अपेक्षा असते.

कुसामाचे ठिपके जोडायचेही नसतात आणि त्यांच्याकडे पाहून शांतही वाटत नाही. निदान मला पहिल्यांदा वाटले नाही. एक ठिपका पाहावा तोवर शेजारचा डोळा ओढून घेतो. कुठे बघायचे हेच ती सांगत नाही.

तिची ठिपक्यांची चित्रे सगळ्यांना माहीत असतात, पण मला अधिक महत्त्वाची वाटली ती तिची जाळी. 'इन्फिनिटी नेट्स' म्हणजे अनंताची जाळी असे त्या चित्रांना नाव आहे. १९५७ साली ती अमेरिकेला गेली, दुसऱ्या वर्षी न्यूयॉर्कला पोचली आणि तिथे ही चित्रे मोठ्या आकारात करू लागली. प्रशांत महासागरावरून जाताना विमानातून खाली दिसलेल्या लाटा तिच्या मनात होत्या. आधी कॅनव्हासवर काळपट रंग. तो वाळला की पांढऱ्या रंगात बुडवलेल्या कुंचल्याने मनगट किंचित वळवून एक छोटे अर्धगोल वळण. त्याला लागून दुसरे, तिसरे, दहा हजारावे. मधे खालचा काळपट रंग ठिपक्यासारखा उरतो. म्हणजे ठिपका ती काढतच नाही! ती जाळे विणते आणि जाळ्याची भोके म्हणजे ठिपके. हे लक्षात आल्यावर मी पुन्हा तिची सगळी चित्रे पाहिली. ज्यांना आपण ठिपके म्हणतो ती तिच्या दृष्टीने भोके असतील, आणि ज्याला आपण रिकामी जागा म्हणतो ती तिची वीण असेल.

या चित्रांना मधला भाग नाही, कडा नाही, सुरुवात नाही. १९६१ साली तिने केलेले एक जाळे तेहतीस फूट लांब होते. तेहतीस फूट म्हणजे अकरा वार. नऊवारी लुगडे उलगडून पसरले तरी त्याला पुरे पडायचे नाही! आणि तेवढ्या लांबीत एकच एक वळण. ती दिवसरात्र काम करी. कधी कधी जाळे कॅनव्हासवरून उतरून टेबलावर, जमिनीवर आणि अंगावर पसरताना तिला दिसे. म्हणजे लहानपणीच्या लाल फुलांचाच तो प्रकार, फक्त आता सुरुवात तिच्या हाताने झालेली होती.

इथे मला माझ्या आत्याविषयी लिहिले पाहिजे. नाहीतर मी या बाईवर इतका वेळ का घालवला ते कळणार नाही.

आत्या वाकळा शिवते. शहरात गोधडी म्हणतात, आमच्याकडे वाकळ. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरायची, कडा धरायच्या आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत यायचे. चौकोनात चौकोन होत होत शेवटी मध्यभागी पोचले की वाकळ झाली. गावातल्या बायका लुगडी आणून देतात, आत्या शिवून देते, जे ठरले असेल ते घेते. लग्नानंतर काही वर्षांत ती माहेरी आली ती इथेच राहिली. का आली हे आमच्या घरात बोलले जात नाही.

मी आठवीत असताना आत्याला मध्यभाग सापडेनासा झाला. म्हणजे ती मधे पोचे आणि थांबत नसे. तिथूनच सुई वळवून दोन ओळींच्या मधल्या जागेतून पुन्हा कडेकडे निघे. कडेला पोचली की परत आत. रात्री कंदिलाएवढ्या दिव्यात बसलेली असे, पहाटे आई उठे तेव्हाही तिथेच. जेवायला हाक मारली तर हात थांबत नसे. बोटांना भोके पडली, तिने चिंधी गुंडाळली आणि चालू ठेवले. ज्यांची वाकळ होती ती बाई न्यायला आली, तिने उचलून पाहिली आणि म्हणाली, "ही पांघरू का भिंतीला उभी करू?" खरेच, टाक्यांनी ती इतकी कडक झाली होती की घडी होत नव्हती. बाईने पैसे दिले नाहीत. ती वाकळ अजून आमच्या घरी कणगीवर आहे.

गावात बोलणे सुरू झाले. कुणी म्हणाले बाहेरचे आहे, कुणी म्हणाले येरवड्याला पाठवा. आमच्या भागात येरवडा हा शब्द असाच वापरतात, थट्टेत आणि धमकीत. तिथे माणसे बरी व्हायला जातात हे कुणाच्या गावीही नसते. आजीने आत्याला देवऋष्याकडे नेले. लिंबू झाले, अंगारा झाला, कोंबडे झाले. त्यात वर्ष गेले. मग वडिलांनी कर्ज काढून तालुक्याच्या डॉक्टरकडे नेले, गोळ्या सुरू झाल्या आणि हळूहळू आत्या मधे पोचल्यावर थांबू लागली. आता ती बरी आहे. गोळ्या चालू आहेत.

कुसामाची जाळी पाहिल्यावर सुटीत मी घरी गेले आणि आत्याला पहिल्यांदाच सरळ विचारले, "आत्या, तवा मधी आल्यावर थांबत का न्हवतीस?"

ती गहू निवडत होती. खूप वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "थांबलं की आत येतंय."

"काय येतंय?"

"ते काय सांगता येतंय व्हय? सुई चालली की भाईर ऱ्हातंय."

कला नसती तर आपण केव्हाच जीव दिला असता, अशा अर्थाचे कुसामा अनेकदा बोलली आहे. मी ते वाचले तेव्हा मला ते मोठ्या कलावंतांच्या तोंडी शोभणारे वाक्य वाटले होते. आत्या बोलल्यावर ते कसे घडत असेल ते दिसले. ज्याची भीती वाटते तेच एकसारखे हाताने करीत राहायचे, म्हणजे ते हाताच्या ताब्यात राहते, अंगावर येत नाही. अनुभव तोच. पण म्हणून आत्या कुसामा होत नाही, आणि तसे लिहून मी तिला मोठे करू पाहत नाही. वेडातून कला जन्मते असे म्हणणे सोपे आहे. काही लोक ते कौतुकाने म्हणतात. त्यांनी आमच्या घरात एक रात्र काढावी.

कारण कुसामाचा आजार तिला ठिपका देऊन गेला असेल, पण त्या ठिपक्याचे काय करायचे हे आजाराने ठरवले नाही. ते तिने ठरवले, आणि विलक्षण चिवटपणे ठरवले. आई विरोधात असताना १९४८ साली क्योतोला जाऊन जपानी पद्धतीची चित्रकला शिकली. ती शिस्त पटली नाही म्हणून सोडली. १९५५ साली जॉर्जिया ओ'कीफ या अमेरिकन चित्रकर्तीचे चित्र एका पुस्तकात पाहिले आणि ओळखदेख नसताना तिला पत्र लिहिले, आणि त्या बाईंचे उत्तर आले! परदेशी पैसे नेण्यावर बंधने होती म्हणून कपड्यांच्या अस्तरात डॉलरच्या नोटा शिवून ती निघाली. या शिवणाचा मला फार अभिमान वाटतो. युद्धकाळात तेरा वर्षांची असताना तिला लष्करासाठी पॅराशूट शिवायच्या कारखान्यात पाठवले होते. तिथे शिवायला शिकलेल्या हातांनी तिने १९६२ पासून कापडाचे शेकडो भरीव कोंब शिवून एक आरामखुर्ची, एक सोफा, एक होडी झाकून टाकली. होडीचे प्रदर्शन १९६३ साली भरले तेव्हा खोलीच्या भिंतींवर त्याच होडीची ९९९ छायाचित्रे लावली होती. आपली वस्तू पुन्हा पुन्हा छापून भिंत भरण्याची ही कल्पना अँडी वॉरहॉलने नंतर उचलली असे तिचे म्हणणे आहे. वॉरहॉलचा गायीच्या तोंडांचा भिंतकागद १९६६ चा, एवढे खरे.

त्याच वर्षी व्हेनिसच्या मोठ्या प्रदर्शनात अधिकृत निमंत्रण नसताना तिने हिरवळीवर आरशासारखे १५०० गोळे मांडले आणि किमोनो घालून एकेक गोळा १२०० लिरांना विकायला बसली. आयोजकांनी विक्री बंद पाडली. आईस्क्रीमसारखी कला विकता येणार नाही, असा त्यांचा आक्षेप होता. सत्तावीस वर्षांनी, १९९३ साली, त्याच व्हेनिसला जपानने तिला आपली प्रतिनिधी म्हणून पाठवले.

आणखी एक गोष्ट. १९५२ साली मात्सुमोतोत तिची चित्रे प्रथम मांडली गेली तेव्हा निशिमारू नावाच्या मनोविकारतज्ज्ञांनी ती पाहिली आणि तिच्याविषयी आपल्या सहव्यवसायी डॉक्टरांपुढे निबंध वाचला. तेवीस वर्षांच्या मुलीच्या ठिपक्यांकडे एका जाणत्या माणसाने बसून पाहिले. आत्याच्या वाकळीकडे तसे कुणी पाहिले नाही. ती परत आली एवढेच. १९५९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या ब्राटा गॅलरीत कुसामाने पाच पांढरी जाळी टांगली तेव्हा डोनाल्ड जडने त्यांची दखल घेतली आणि एक २०० डॉलरला विकतही घेतले. १९६० सालचे तसलेच एक पांढरे जाळे २०१४ साली लिलावात ७१ लाख डॉलरला गेले. हे आकडे वाचून आमच्या घरातल्या वाकळीची किंमत मनात आल्याशिवाय राहिली नाही. तिला भोपळा मिळाला!

भोपळ्यावरून आठवले. आपल्याकडे परीक्षेत भोपळा मिळतो तो शून्याचा, आणि गोष्टीतल्या म्हातारीला तोच भोपळा वाघ-कोल्ह्यांतून सुखरूप घरी आणतो. कुसामाचा भोपळा दुसऱ्या जातीचा आहे. लहानपणी आजोबांबरोबर बियाण्याच्या शेतावर गेली असताना वेलीवरचा भोपळा आपल्याशी बोलला असे ती सांगते. फुले बोलली तेव्हा ती घाबरली होती, भोपळ्याची मात्र तिला भीती वाटली नाही. त्याचे बेढब पोट तिला आवडले. तिच्या साऱ्या कामात ठिपक्यांची भीती आणि भोपळ्याचा आधार एकत्र आलेले दिसतात, आणि भोपळ्यावरचे ठिपके पाहा, ते फुगवट्यावर मोठे आणि खाचेत बारीक होत जातात, ओळीत राहतात. नाओशिमा बेटावर समुद्रात घुसलेल्या धक्क्याच्या टोकाशी १९९४ साली तिने एक पिवळा भोपळा ठेवला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये वादळाने तो समुद्रात ओढून नेला. २०२२ साली नवा करून तिथेच बसवला.

सगळेच मला आवडते असे नाही. तिचे ठिपके मोठ्या कंपनीच्या पर्सवर आले, २०१२ साली आणि पुन्हा २०२३ साली. आरशांच्या तिच्या खोल्यांबाहेर परदेशात तासन्‌तास रांगा लागतात आणि आत अर्धा-एक मिनिट सोडतात. लोक फोटो काढून बाहेर येतात. जिने न थांबता दिवसरात्र एक वळण काढले तिच्यासमोर अर्धा मिनिट! पण त्याला ती काय करणार? नव्वदी ओलांडेपर्यंत ती रुग्णालयातून जवळच्या आपल्या कामाच्या जागी जात राहिली आणि संध्याकाळी परत येत राहिली. मला तिचे एवढे जाणेयेणे त्या सगळ्या आरशांपेक्षा मोठे वाटते. आपल्याला कुठे राहिले म्हणजे काम करता येईल हे तिने ओळखले आणि तिथे जाऊन राहिली. येरवड्याचे नाव घेऊन हसणाऱ्यांना हे कसे सांगावे, याचा विचार मी करते आहे.

त्याच सुटीत मी आत्याला मोबाईलवर कुसामाचे पांढरे जाळे दाखवले. मी स्वतः तिचे एकही चित्र समोर उभे राहून पाहिलेले नाही. आत्याने हात पुसले, मोबाईल घेतला, आधी लांब धरला, मग अगदी नाकाजवळ नेला. मी बोटांनी चित्र मोठे करून दिले. ती एका कोपऱ्यापासून सरकत गेली, वाकळ तपासतात तशी.

"टाकं एकसारखं न्हाईत," ती म्हणाली.

"रंग हाय त्यो आत्या, टाकं न्हाईत."

"आसंल. पर हितं बघ, हितनं हितपत्तुर बारीक हाय. एका बैठकीत झालंय. मग हितं हात दुखलाय, ढिलं पडलंय. उठली आसंल. परत बसलीया." थोडे थांबून तिने विचारले, "एकटीच ऱ्हात हुती?"

"व्हय. परदेशात."

"मग जेवाय कोन घालत हुतं?"

मी सांगितले, पैसे नसत तेव्हा मासळीवाल्याने टाकून दिलेली माशांची डोकी आणि कोबीची फेकलेली वरची पाने गोळा करून आणायची आणि उकडून खायची. आत्याने चित्र आणखी एकदा पाहिले, मोबाईल माझ्या हातात दिला आणि उठून चुलीकडे गेली.